दाखवायची माती

अमरावतीत रसायनशास्त्रात एम.एस्सी. झाल्यावर मी अकोल्यातल्या एका संशोधन गटाकडे पीएच.डी.साठी अर्ज केला. हा गट खारपाणपट्ट्यातल्या जमिनीवर काम करतो. या पट्ट्यात विहिरीचं पाणी खारट असतं. माती भिजली की चिखल, वाळली की दगड. बाळापूर तालुक्यातलं आमचं वावर याच पट्ट्यात येतं. जागा एकच होती. ती मिळाली नाही तर घरच्यांनी ठरवल्याप्रमाणे बी.एड.ला जायचं होतं, आणि मला शिक्षिका व्हायचं नव्हतं.

गटप्रमुख मॅडमनी फोनवर सांगितलं, "मुलाखतीला येताना तुमच्या शेतातली किलोभर माती आणा." मी अमरावतीलाच राहत होते, म्हणून वडिलांना निरोप दिला. मुलाखतीच्या सकाळी ते अकोल्याच्या स्टँडवर पिशवी घेऊन उभे होते. पाहुण्यांसाठी गहू निवडावा तशी माती निवडलेली होती. खडा नाही, काडी नाही. पिशवी देऊन ते लगेच परतीच्या गाडीत बसले. वावरात मजूर लागले होते.

प्रयोगशाळेत गटातल्या बाकीच्यांसमोर मॅडमनी त्यातलं छोटं ढेकूळ काचेच्या ग्लासातल्या पाण्यात टाकलं. खारपाणाची माती पाण्यात विरते आणि पाणी गढूळ होतं. हे ढेकूळ फुटून तळाशी बसलं. पाणी नितळ राहिलं.

"ही खारपाणाची नाही," मॅडम म्हणाल्या. "कुठून आणली?"

"आमच्याच शेतातली आहे."

"घरी विचारा."

मी त्यांच्यासमोरच फोन लावला आणि स्पीकर सुरू केला.

"बाबा, माती कुठची दिली?"

"काहून? खराब निंगाली काय?"

"चांगली निघाली."

"निंगनच. तुह्या मामाच्या वावरातली हाय. चांदूर बाजारवरून बोलावली."

"पण काहून?"

"मंग का आपली दाखवू? तुह्या बहिणीले पाह्याले आलेल्या पावण्यानं आपल्या इहिरीचं पाणी तोंडात घेतलं अन् उठूनच गेला. साहेब लोकायसमोर चांगलंच न्या लागते."

मॅडमनी फोन जवळ ओढला. "काका, नमस्कार. आम्हाला खराबच माती पाहिजे होती."

पलीकडून वडील म्हणाले, "आधी सांगाचं न मॅडम. ट्रॉली भरून पाठोतो."

खोलीतले सगळे हसले. मला हसू आलं नाही. संशोधनासाठी आलेल्या उमेदवाराचा पहिलाच नमुना दुसऱ्याच्या शेतातला निघाला होता. अर्ज बाद झाला असं मी धरून चालले.

मॅडमनी ग्लास बाजूला ठेवला. "आमच्याकडे हे नेहमीचंच आहे. नमुना मागितला की लोक चांगल्या तुकड्यातली माती देतात. उद्या तुम्ही गावोगाव जाणार. खरी माती कशी मिळवाल?"

मी म्हणाले, "माती मागणार नाही. पेरलेलं कुठे उगवत नाही आणि पाऊस गेल्यावर पाणी कुठे साचून राहतं, ते विचारीन. जमीन दाखवायला लोक लाजतात, गाऱ्हाणं सांगायला लाजत नाहीत. ते बोट दाखवतील तिथे मी स्वतः खणीन."

त्यांनी रसायनशास्त्राचे चार-दोन प्रश्न विचारले. नंतर म्हणाल्या, "एक तारखेपासून या. राहण्याची सोय तेवढी आधी बघून घ्या."

मी बाहेर आले. सकाळपासून पोटात काही नाही, हे तेव्हा लक्षात आलं. समोरच्या गाडीवर पोहे सांगितले आणि घरी फोन लावला. वडिलांनी पहिल्याच घंटीला उचलला.

"गेलं का बाई माह्यामुळं?"

"नाही बाबा. घेतलं मले."

फोन तसाच सुरू राहिला. मजुरांना सांगतानाचा त्यांचा आवाज ऐकू आला, "आपल्या वावराच्या भरवशावर घेतलं पोरीले."

मी त्यात दुरुस्ती केली नाही.