जांभळीखालचे बेगोनिया

महाबळेश्वरच्या आमच्या घरामागे, जांभळींच्या दाट सावलीत, ताईने बेगोनिया लावले होते. यंदा आजारपणात तिची खाट खिडकीशी आली आणि बाग माझ्याकडे. थंडीत दव गोठलं, पानं काळी पडून गळाली. झाडं मेलीच समजून मी खुरप्याने वाफा उकरायला घेतला.

"राहू दे गं," ताई खिडकीतून म्हणाली. "खाली कंद जिवंत असतात. पावसाळ्यात फुटतील. सगळे नीट आहेत ना?"

तोवर चार कंद चिरले गेले होते. "आहेत," म्हणत मी त्यांच्यावर पाचोळा ओढला. जिवाभावाच्या माणसाशी खोटं बोलणं इतकं सोपं कधी झालं, कोण जाणे. डॉक्टरांनी पावसाळ्यापर्यंतचा भरवसा दिलेला नाही, हेही मी तिला सांगितलेलं नाही.

"फुलं आली की मला बागेत घेऊन चल," ती म्हणाली.

खिडकीकडे न बघता मी हो म्हटलं.