पिकलेली रेघ

चीनला विचारल्याशिवाय वांगीही न घेणारा माणूस अख्ख्या बालाघाटात एकच होऊन गेला: माझ्या बायकोचे मामा. उकव्याच्या खाणीतून निवृत्त झाल्यावर त्यांना कुठूनसं जुन्या चिनी शकुनविद्येचं एक फाटकं हिंदी पुस्तक मिळालं, आणि आम्ही सगळे कामातून गेलो. तीन नाणी सहा वेळा फेकायची, दर फेकीला एक रेघ, अखंड नाहीतर तुटकी. सहा रेघांची आकृती म्हणजे उत्तर. नाणी त्यांची आजोबांच्या वेळची, भोकाच्या पैशांची, एका बाजूला मुकुट असलेली. "चीनच्या पैशाले चौकोनी भोक, आपल्याले गोल. पल्याडचं दोन्हीतून दिसते, जवाईबापू!" रेघा ते ओट्यावर खडूनं खालून वर मांडत, का, तर "घर काय छपरापासून बांधता?" बैहरची बस हमखास त्यांच्या पाचव्या रेघेला सुटायची. दारावरची भाजीवाली ओरडायची, "बाबाजी, घ्याचं असन तं घ्या, नाही तं मी चालली!" पण तिन्ही नाणी एकसारखी पडली की मामाजी फुलत. ती रेघ पिकली. पिकलेली रेघ उलटते आणि आकृतीच बदलते: पहिली म्हणजे आज, दुसरी म्हणजे उद्या. एकही रेघ पिकली नाही, तर माणसानं जागचं हलायचं नाही.

मी घुम्या माणूस. दिवसाचे माझे चार शब्द त्यांच्या ओट्यावरच्या चहाबरोबरच बाहेर पडत. म्हणून तर हे झालं, आणि म्हणूनच आजवर सांगितलं नाही. मामी वारल्या होत्या, पुण्याची लेक दिवसांत होती, "बाबा, आता कायमचेच या" म्हणून मागे लागली होती. जाऊ की नको, म्हणून मामाजींनी नाणी फेकली. पाच रेघा कच्च्या. सहाव्या फेकीला तिन्ही मुकुट वर पडले, पण त्यांना धड दिसेना, म्हणून ते चष्मा शोधायला आत गेले. चष्मा कपाळावर होता. मी बोललो नाही. एक नाणं हळूच उलटं केलं.

कपाळावरचा चष्मा खाली ओढत ते आले, वाकले, बराच वेळ बघत राहिले. "नाही पिकली," म्हणाले. मग माझ्याकडे बघून हसले, "तं मंग येत जा रोज चहाले. आता कुठं जातो मी!"

दोन वर्षं गेलो. नात त्यांनी मोबाइलवरच पाहिली. ती झोपली तरी फोन खाली ठेवत नसत. ते गेल्यावर लेक घर आवरायला आली, तेव्हा तिनं विचारलं, "भाऊजी, बाबाले याचंच नव्हतं का हो माझ्याकडं?" मी भरलेलं खोकं उचलून बाहेर नेलं. यायचं होतं गं. हे लिहिलेलं पहिल्यांदा तुलाच पाठवतोय.

संध्याकाळी पाय अजून तिकडेच वळतात. बंद दारासमोर ओट्यावर बसलं की वाटतं, कपाळावर चष्मा ठेवून ते आत चष्माच शोधताहेत, आत्ता येतील. मी दोन्ही हात मांडीखाली दाबून बसून राहतो.