बस मागणारे उत्तमभाऊ

"ताई, सहा झाले. सातवं माणूस माझ्या गाडीत बसत नाही."

उत्तमभाऊ माझ्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. नव्वदीच्या सुरुवातीचे दिवस. लग्न होऊन मी अमळनेरहून सुरतेला आले होते आणि कडोदऱ्याच्या आतल्या रस्त्यावर साड्यांच्या एका मिलमध्ये घडी-पॅकिंगला लागले होते. हायवेच्या चौकापर्यंत बस मिळे. तिथून आत मिलपर्यंत आणि पुढे उसाच्या गावांपर्यंत जायला फक्त शटल रिक्षा. एकेका रिक्षात माणसं कोंबलेली, दोघं-तिघं मागच्या दांडीला लटकलेली. आणि हा तेल लावून केस चापून बसवलेला, खाकी शर्टाच्या खिशात कंगवा खोचलेला गृहस्थ अजून जागा दिसत असताना मला नाही म्हणत होता.

"मग मी जाऊ कशानं?" मी चिडून विचारलं.

"बसनं."

"आत बस येते कुठे?"

"येत नाही. आणायची आहे," ते म्हणाले आणि गिअर टाकून निघून गेले.

त्या दिवशी मी मिलपर्यंत चालत गेले, वाटभर त्यांच्या नावानं बोटं मोडत.

कारण पुढे कळलं. आदल्या वर्षी कालव्याच्या वळणावर एक खच्चून भरलेली रिक्षा उलटली होती. मागून येणाऱ्या उत्तमभाऊंनी आपली गाडी रिकामी केली, आमच्याच मिलमधल्या एका तरुण मुलीला तिच्यात आडवं घातलं आणि सुरतेच्या दवाखान्यात नेलं. तिचा जीव वाचला, पाय कायमचा अधू झाला. "ती गाडी माझी नव्हती," ते सांगत, "पण माझीही तेवढीच भरलेली होती. वळणावर ती आधी पोचली, एवढंच." तेव्हापासून सहाच्या वर माणूस नाही. आणि तेव्हापासूनच या रिक्षावाल्याच्या डोक्यात बस शिरली.

ते शिंदखेड्याकडचे. बाहेर गुजराती, घरात अहिराणी. मी खान्देशातली हे कळल्यावर माझ्याशीही अहिराणीच. कुठलंही काम निघालं की त्यांचं ठरलेलं असे, "कसाले घाबरस ताई? व्हई जाई!" घाबरतेस कशाला, होऊन जाईल. हे ते इतक्या खात्रीनं म्हणत की ऐकणाऱ्याला शंका काढायची लाज वाटे.

एका सुट्टीच्या दिवशी ते आम्हा चार-पाच बायकांना घेऊन बसडेपोत गेले. तिथले साहेब भले होते. म्हणाले, "बस देऊन बघतो. पण रस्त्याच्या टोकाला ती वळवायची कुठे? जागा आणा. गावाची संमतीही आणा."

गाव तर बस नकोच म्हणत होतं. बस आली की बाहेरचे लोक येतील, असं सरपंचांचं म्हणणं. बाहेरचे म्हणजे आम्हीच. मी तिथंच हात टेकले. उत्तमभाऊ मात्र पुढच्या रविवारी मला घेऊन सरळ कांताबांच्या अंगणात जाऊन बसले. रस्त्याच्या टोकाचा ऊस या वयस्कर पाटीदार बाईंचा होता.

"रिक्षावाळा थईने बस मांगो छो?" कांताबा हसल्या. "गांडा थया छो के शुं?" रिक्षावाले असून बस मागताय, वेड लागलंय का तुम्हाला?

"हा बा, थयो छुं," उत्तमभाऊ म्हणाले आणि पुढे गुजरातीतच बोलत राहिले. "तुमची नात बारावी होऊन घरी बसली आहे. बारडोलीला कॉलेज आहे, चौकातून तिकडे बस जाते. पण चौकापर्यंत आमच्या शटलमध्ये परक्या पुरुषांच्या मांडीला मांडी लावून ती जाईल? तुम्ही पाठवाल?"

कांताबांचं हसू मावळलं. त्यांनी आत पाहिलं. नात दाराच्या चौकटीत उभी होती. "बा, बसमां हुं जईश," ती म्हणाली. बसनं मी जाईन.

कांताबांनी नजर शेताकडे वळवली. मग म्हणाल्या, "तुमचे लोक माझा ऊस मोडून खातील."

"मोडला तर मला बोलवा. मी येऊन राखण करतो."

कांताबांनी उसाचा कोपरा दिला. नुसता दिला नाही, गावातल्या बायका गोळा करून त्या स्वतः सरपंचांकडे गेल्या. तिथं काय बोलणं झालं ते आम्हाला कळलं नाही, पण गावाचा विरोध संपला.

खरा विरोध चौकात होता. नांदेडकडचे बाबुराव तिथल्या रिक्षावाल्यांचे पुढारी. "उत्तम, आमच्या पोटावर पाय देतोस तू. स्वतःच्याही!" ते सर्वांसमोर ओरडले. उत्तमभाऊंची रिक्षा रांगेत लागू देईनात. एकदा तिन्ही चाकांची हवा सोडली. उत्तमभाऊंच्या बायकोनं, सुमननं, माझ्यादेखत विचारलं, "बस आली तर आपण खायचं काय?" उत्तमभाऊंनी कंगवा काढला, उगाच केसांवरून फिरवला. "माले बी माहीत नही," ते म्हणाले. त्यांना माहीत नसलेली गोष्ट मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण दुसऱ्या दिवशी ते पुन्हा डेपोत हजर.

बस आली ती प्रयोगापुरती. प्रवासी मिळाले तर राहील, नाहीतर बंद. पहिले काही दिवस ती रिकामीच धावली. बाबुराव आणि त्यांचे साथीदार बसच्या तोंडासमोर रिक्षा लावून माणसं उचलत, आणि लोकही सवयीनं तिकडेच धावत. तेव्हा उत्तमभाऊंनी स्वतःची रिक्षा घरी उभी केली आणि मिलच्या फाटकाशी उभे राहून रिक्षासाठी देत तसल्याच खणखणीत आवाजात हाका देऊ लागले, "चालो, चालो, चौक, सुरत! बसून चला, लटकायचं नाही!"

लोक हसले. बसमध्ये मात्र कोणी चढेना.

बाबुरावांची बायको सरूबाई माझ्याच शेजारी पॅकिंगला होती. पाळी सुटल्यावर ती फाटकातून बाहेर आली. समोर नवऱ्याची रिक्षा, तिच्यामागे बस. तिनं दोन्हींकडे पाहिलं.

"बस की मागं," बाबुराव म्हणाले.

"रोज तुमच्या दांडीला लटकते," सरूबाई म्हणाली. "आज बसून जाते." आणि ती बसमध्ये चढली. तिच्यामागे मी, आणि आमच्यामागे आमचा अख्खा विभाग. खिडकीतून पाहिलं तर बाबुराव हँडलवर हात ठेवून नुसते बघत होते, आणि उत्तमभाऊ हाका द्यायचे विसरून गेले होते.

बस कायम झाली. उत्तमभाऊंचे मधले दिवस कठीण गेले, सुमननं घरी साड्यांना टिकल्या लावून संसार ओढला. मग कालव्यापलीकडच्या वस्त्यांवरून माणसं बसथांब्यापर्यंत आणण्याचं काम त्यांनी सुरू केलं. हळूहळू बाबुरावही त्याच कामाला लागले. कांताबांची नात कॉलेजला जाऊ लागली.

दशक सरता सरता उत्तमभाऊंना काविळीनं धरलं. सुरतेच्या दवाखान्यात मी त्यांना भेटायला गेले. चेहरा उतरलेला, पण केस चापून बसवलेले. मी प्रकृतीचं विचारायच्या आत त्यांनीच विचारलं, "बसनं आलीस? गर्दी होती?"

"चौकापर्यंत उभी आले भाऊ. पाय ठेवायला जागा नव्हती."

त्यांचा चेहरा खुलला. "मग आता दुसरी मागायला पाहिजे," ते म्हणाले.

त्या पावसाळ्यात ते गेले. दुसरी बस मागायला आम्ही डेपोत गेलो, तेव्हा बोलायला सगळ्यांत पुढे बाबुराव होते.