जायची वेल

आधीच सांगते, शुद्धलेखनाच्या चुका असतील. अक्षरही चांगलं नाही, ओळी वर चढत जातात. माझी शाळा चौथीपर्यंतच झाली. पुढे भाऊ शाळेत गेला आणि मी आईबरोबर लोकांची धुणीभांडी करायला. वाचायची आवड मात्र राहिली. पुडीचा कागद असला तरी मी उलगडून वाचायची. लिहायची पाळी फारशी आली नाही, म्हणून माफ करा.

इथल्या भारतीय दुकानात कुणी कुणी वाचून झालेले दिवाळी अंक ठेवून जातं. त्यात लोकांचे असे अनुभव असतात. मी ते वाचून मनात म्हणायची, रिकाम्या डोक्याचे खेळ आहेत सगळे. आमच्या गावी ओढ्यापाशी काहीबाही दिसतं म्हणायचे. त्याच ओढ्यावरून मी काळोखात पाणी आणलंय, मला कधी काही दिसलं नाही. मी भुतांना घाबरत नाही. माणसांना घाबरते. चार माणसांत माझं तोंड उघडत नाही. म्हणून तर हे कागदावर लिहितेय. पाठवीन की नाही, ते माहीत नाही…

मी जपानमध्ये, तोक्योच्या निशी-कसाईला, एका मराठी घरी राहून काम करते. दादा बँकेत मोठ्या हुद्द्यावर आहेत. पुण्याला मी त्यांच्या आईकडे कामाला होते, तिथून त्यांनी मला व्हिसा काढून इकडे आणलं. चौथ्या मजल्यावर फ्लॅट आहे. बाल्कनीतून समोर पुलावरून जाणारी गाडी दिसते. त्यांची मुलगी ईरा पाच वर्षांची. मी 'ईरा, जेवायला ये' म्हटलं की ती 'इमा इकु' म्हणते, म्हणजे आत्ता येते. आणि येत नाही.

ईराची आई म्हणजे वैदेहीताई. त्या घरूनच काम करतात. इंग्लंडला चिकटून वेल्स नावाचा एक लहान देश आहे. तिथे जुनी पत्रं, हस्तलिखितं, रेडिओवर वाचायचे कागद असं सगळं जपून ठेवणारी एक संस्था आहे. त्यांच्याकडे एका बाईंचे मराठी कागद निघाले. बाई तिकडच्याच. फार वर्षांपूर्वी नवऱ्याबरोबर मुंबईला आल्या, मराठी शिकल्या आणि रेडिओवर बायकांच्या कार्यक्रमासाठी संवाद लिहायला लागल्या. परत जाताना सगळे कागद ट्रंकेत भरून घेऊन गेल्या. आता तिथले लोक त्यांचे फोटो काढून पाठवतात आणि ताई ते टाइप करून इंग्रजीत आणतात. त्या बाईंचं नाव मला नीट उच्चारता येत नाही. मी त्यांना रेडिओबाई म्हणते.

टाइप केलेलं मूळ कागदाशी जुळवून बघायला दोघी लागतात. एकीनं वाचायचं, दुसरीनं बघायचं. ताई म्हणाल्या, "मावशी, तुम्ही वाचा. जसं लिहिलंय तसंच." वाचलेलं त्या एका जुन्या फोनवर रेकॉर्डही करायच्या, म्हणजे कुठे अडलं तर परत ऐकता येतं.

जसं लिहिलंय तसं म्हणाल्या, म्हणून पहिल्या दिवशी मी कंसातलंही वाचलं. "या वहिनी, बसा, पान आवाज न करता उलटावे." ताई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या राहिल्या. आणखी एक गंमत होती. रेडिओबाईंना ळ यायचाच नाही. सगळीकडे ल. सकाली, डाल, वेल. मी आपलं वाचलं, "स्वयंपाकाची वेल झाली."

"अहो मावशी, वेल काय! वेल्सची बाई म्हणून वेल होय?" ताई म्हणाल्या. "ते स्पेलिंगचं मी बघते. तुम्ही आपलं नीट ळ म्हणा."

त्यानंतर मी ल दिसला की ळ वाचायची. एकदासुद्धा चुकले नाही. हे लक्षात ठेवा.

तेव्हा मला ताईंचं सगळंच गोड वाटायचं. घरी कुणी आलं की त्या सांगायच्या, "आमच्या मावशी अगदी घरच्यासारख्या आहेत." पाहुण्यांपुढे मी मान खाली घालून हसायची.

मग पावसाळ्यात भावाचा फोन आला, आईचं काही खरं नाही, निघ. दादांनी लगेच तिकीट काढलं. खोटं कशाला बोलू, लगेच काढलं. पण ताईंना वेल्सच्या लोकांपुढे कामाची माहिती द्यायची होती, दादा सिंगापूरला निघाले होते, ईराला बघणार कोण? ताई म्हणाल्या, "मावशी, माझं प्रेझेंटेशन होऊ दे, मग लगेच जा. दोन दिवसांचा तर प्रश्न आहे." मी काही बोलले नाही. तिकीट रद्द झालं.

आई त्या दोन दिवसांतच गेली. मी तिला बाल्कनीत उभी राहून फोनवर बघितलं. भावानं फोन वर धरला होता, तिचा चेहरा नीट दिसत नव्हता, लोकांच्या पाठीच दिसत होत्या. आत ताईंची मीटिंग चालू होती, म्हणून रडायचंही हळू.

नंतर ताई म्हणाल्या, "आता जाऊन काय करणार, मावशी? सगळं तर झालंय." त्या महिन्याच्या पगारातून रद्द तिकिटाचे पैसे कापले. "तिकीट तुमच्या नावाचं होतं ना," दादांनी समजावून सांगितलं. आवाज चढवला नाही, चांगलं बोलले.

मी तेव्हाही काही बोलले नाही. मनात मात्र रोज बोलायची. भाजी चिरताना, ईराचे केस विंचरताना. तोंडातून एक शब्द बाहेर गेला नाही.

थंडी सुरू झाली तेव्हा कागदांचा नवा गठ्ठा आला. त्यातला एक संवाद होता, घरी कामाला बाई ठेवताना काय काळजी घ्यावी. एक वहिनी आणि एक गंगा. वहिनी समजावणार, गंगा 'जी बाईसाहेब' म्हणणार. भांडी मोजून द्यावी, उधार देऊ नये, असलं सगळं. दोघींचंही मीच वाचायचं.

त्या दिवशी दुपारी होइकुएनमधून, म्हणजे ईराच्या पाळणाघरातून फोन आला, तिला ताप आहे, घेऊन जा. ताई कोट घालून निघाल्या. "तुम्ही वाचत राहा, रेकॉर्डिंग चालूच आहे. मी नंतर ऐकते."

मी वाचत राहिले. चौथ्या पानाच्या शेवटी गंगा म्हणते, 'बाईसाहेब, एक विचारू?' पुढचं पान बघितलं तर कोपऱ्यात सहाचा आकडा. मी मागेपुढे शोधलं. पाचवं पान नव्हतंच. "पाचवं पान नाही," असं मी मोठ्यानं म्हटलं, म्हणजे ताईंना कळावं. तेवढ्यात वॉशिंग मशीनचं गाणं वाजलं. इथली मशीन धुणं झालं की गाणं म्हणते. मी फोन तसाच टेबलावर ठेवला, बाल्कनीत जाऊन कपडे वाळत घातले, परत आले, सहावं पान वाचलं. एवढंच. यात मी काही विसरलेली नाही.

दोन दिवसांनी ताईंनी हाक मारली. कानातला इअरफोन काढून टेबलावर आपटला होता.

"मावशी, हे काय आहे?"

"काय ताई?"

"ऐका तुम्हीच."

फोनमधून माझा आवाज आला. 'बाईसाहेब, एक विचारू?' मग, 'पाचवं पान नाही.' मग मशीनचं गाणं. मग बाल्कनीचं दार सरकल्याचा आवाज, ते सरकताना खालच्या पट्टीत अडकतं तो. गाडी गेल्याचा आवाज. आणि मग…

'घरच्यासारखी म्हणता, बाईसाहेब. घरच्या माणसाला आई आजारी असली तर जाऊ देतात. मला म्हणालात, पाहुणे जेवू देत, मग जा. पाहुणे जेवले. माझी जायची वेल गेली.'

मग पुन्हा दार सरकलं. माझ्या चपलांचा आवाज. 'बरं, सहावं पान.'

तो आवाज माझाच होता. माझाच! पण मी तर त्या वेळी दाराबाहेर ईराचे मोजे चिमट्याला लावत होते.

"तुम्हाला मनात ठेवायचं होतं तर ठेवायचं," ताई म्हणाल्या. "बोलायचं होतं तर तोंडावर बोलायचं. माझ्या कामात घुसडायची काय गरज होती? हे मी तिकडे पाठवलं असतं तर?"

"ताई, मी नाही वाचलं हे."

"मग कुणी वाचलं? हा आवाज कुणाचा?"

"माझाच आहे… पण मी बाहेर होते. दार ऐकलंत ना?"

"दार काय, आत उभं राहूनही सरकवता येतं, मावशी."

"आणि मी वेल म्हणत नाही. तुम्हीच शिकवलंत, ळ म्हणायचं."

"तेच तर! मुद्दाम वेल म्हटलंत, म्हणजे खरं वाटावं."

संध्याकाळी दादांनी ऐकलं. "वा, मावशी एकदम लेखिकाच झाल्या की!" आधी हसले. मग हसायचे थांबले. "हे बघा, मार्चमध्ये तुमचा व्हिसा संपतो. तो आम्ही वाढवणार नाही. रागाचं जाऊ दे, पण खोटं बोलणारं माणूस मुलीजवळ कसं ठेवायचं? आईलाही मला सांगावं लागेल."

त्यांच्या आईंच्या सोसायटीत माझी सगळी कामं. खोटारडी म्हणून परत गेले असते तर त्या गल्लीत मला कुणी उंबऱ्याच्या आत घेतलं नसतं. आणि खरं सांगू? नोकरी जाण्याहून मला एकच गोष्ट जास्त लागली. ते शब्द माझ्या मनातलेच होते. महिनोन्महिने मी तेच घोकत होते. पण मी ते बोलले नव्हते. बोलायची माझी छातीच नव्हती. न बोलताही मी बोलल्याची शिक्षा मला मिळाली.

त्यानंतर घरात माझ्याशी कामापुरतं बोलणं राहिलं. वाचायला मला कुणी बोलावलं नाही. ईरा तेवढी 'मावशी, ओकोत्तेरु?' विचारायची. रागावलीस का? मी नाही म्हणायची.

थंडी सरत आली तेव्हाची गोष्ट. मी ओट्यापाशी कणीक मळत होते. ताई संगणकासमोर होत्या. मग हळूच म्हणाल्या, "मावशी, जरा इकडे या."

मी पिठाच्या हातांनी तशीच गेले. पडद्यावर एक पान होतं, रेडिओबाईंच्या गोल अक्षरातलं. कोपऱ्यात पाचाचा आकडा. संपूर्ण पानावर लाल पेन्सिलीची तिरपी रेघ, आणि वर दुसऱ्याच कुणाच्या हातचं मराठी, 'वाचू नये'.

खाली गंगेचं बोलणं होतं. घरच्यासारखी म्हणता, बाईसाहेब. पाहुणे जेवले. माझी जायची वेल गेली. त्यात 'वेल' असंच लिहिलेलं होतं.

"हे कुठे होतं?" मी विचारलं.

"दुसऱ्याच एका गठ्ठ्यात, मागे टाचून ठेवलेलं. तो गठ्ठा त्यांनी या आठवड्यात पहिल्यांदा सोडला." ताई पडद्याकडेच बघत होत्या. "रेडिओवाल्यांनी वाचू दिलं नसणार. तिनं मग स्वतःकडे ठेवलं… मावशी, तुम्ही हे आधी कुठे बघितलंत?"

"कुठे बघणार ताई? मी भाजी आणायला दुकानापर्यंत जाते."

ताईंनी फोन घेतला. ते रेकॉर्डिंग पुन्हा लावलं, पानावर बोट ठेवून. एक शब्दही कमीजास्त नव्हता. बोट शेवटी वेलवर आलं आणि तिथेच थांबलं.

"ताई," मी म्हटलं, "मी वाचलं नव्हतं."

"हो," त्या म्हणाल्या. बस, तेवढंच. माफी वगैरे नाही. मग माझ्यासमोरच त्यांनी ते रेकॉर्डिंग पुसून टाकलं. "हे कुणाला काय सांगणार आपण?" त्या आठवड्यात वेल्सच्या लोकांनी त्यांचं कौतुक केलं म्हणे, हरवलेलं पान जागेवर लागलं म्हणून. दादांनी मिठाई आणली. मला सगळ्यांच्या आधी दिली.

दादांना ताईंनी काय सांगितलं ठाऊक नाही. व्हिसा वाढवू या, असं ते परवा म्हणाले. मी म्हटलं, नको, मार्चमध्ये जाते. दादांना मी पहिल्यांदाच नाही म्हटलं. पुण्याहून दादांच्या आईंचाही फोन आला, ये बाई, तुझी कामं आहेत तशी आहेत.

मी खूप विचार केला. कधी वाटतं, गंगा होती. कधी वाटतं, रेडिओबाई, जिला आपल्याच हातचं वाचू दिलं नाही. कधी वाटतं माझंच मन दाराच्या आत राहिलं आणि मी बाहेर गेले. पण मग माझ्या मनाला त्या कागदावरचे शब्द कसे ठाऊक? आणि ळ कुठे गेला? देवळात विचारावं तर इथे देऊळ जपान्यांचं, त्यांच्या देवाला मराठी कुठून कळणार. मला उत्तर सापडलेलं नाही. वाचणाऱ्या कुणाला सापडलं तर त्यांनी ते आपल्यापाशीच ठेवावं, मला आता नकोय.

आज सकाळी डबे भरून झाल्यावर ताईंनी ओट्यावर एक पाकीट ठेवलं.

"ते तिकिटाचे," त्या म्हणाल्या. "कापलेले. सगळे आहेत, बघून घ्या."

मी हात पुसले आणि त्यांच्यासमोरच मोजले. सगळे होते.