ओढ्यावरची मोजणी

समुद्रात खेकडे किती आहेत आणि त्यातले किती धरले तर पुढच्या सालालाही उरतील, याचा अंदाज बांधणं ही माझी नोकरी. आमच्या गावात, कुंडलात, हे सांगायची सोय नाही. "समुद्रातलं खेकडं मोजतीस? ते काय हजेरीला उभं ऱ्हात्यात व्हय गं?" म्हणत शेजारच्या काकू तोंडाला पदर लावतात. आवं काकू, बंदरावर उतरतात तेच तपासायचे असतात! पाठ किती रुंद, नर का मादी, पोटाखाली अंडी आहेत का. अंडीवाली दिसली की कोळ्यांना म्हणायचं, हिला सोडा. ते माझ्याकडं बघतात, मी खाली बघते.

यंदा पावसाळा सरता सरता आबा तापानं आडवे झाले. आबा म्हणजे माझे वडील. ताप गेला, पण जेवण तुटलं ते तुटलंच. फौजेतून आलेला गडी, ताटाकडं बघून मान फिरवायचा. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर दवाखान्यात ठेवावं लागेल. मी रजा टाकून आले होते, पण एका जागी बूड टेकत नव्हतं. घटकेत चुलीपाशी, घटकेत दारात. सरळ सांगते, मला लय भीती वाटत होती.

एका सकाळी आबा म्हणाले, "ओढ्याच्या खेकड्याचा रस्सा झाला तर खाईन बघ दोन घास."

आई लगेच वाटणाचं खोबरं भाजायला बसली. मी ओढ्याला पळाले. लहानपणी दगड उचलला की खेकडा निघायचा, तिथं आता नुसता काळा गाळ. उसावर मारलेली औषधं कुठं जातात, हे मला कुणी शिकवायला नको. अख्खी किनारपट्टी पालथी घातली मी, आणि घरामागचा ओढा नोकरी लागल्यापासून कधी बघितला नव्हता. चिडून एकेक दगड उलथत गेले. उन्हं चढल्यावर एक सापडला. पाठीला धरून उलटा केला. मादी. पोटाच्या झडपेखाली बारकी बारकी पिल्लं वळवळत होती.

पिशवीत टाकली. बांधापर्यंत आले, परत गेले, पुन्हा आले. शेवटी स्वतःलाच शिव्या घालत तिला दगडाखाली सोडली.

आईनं रिकामी पिशवी बघितली, कारण ऐकलं आणि भडकली. "बापापरीस खेकडी मोठी झाली व्हय गं?"

 मला रडूच आलं.

आतून आबांनी विचारलं, "पिल्लं व्हती?"

"व्हय, आबा."

"मग त्या वाटणानं काय घोडं मारलंय? टाक की फोडणीला."

आईनं धुसफुसत तसाच रस्सा केला. आबांनी भाकरी कुस्करली, एक घास खाल्ला. कपाळावर घाम आला. "खेकडं न्हाई, पर झणका हाय," म्हणाले आणि दुसरा घास घेतला.

आईचा राग अजून उतरला नव्हता. तिनं गुपचूप अर्धी भाकरी मोडून त्यांच्या ताटात टाकली. आबांनी तीही खाल्ली.