घंटा वाजवणारा खेळ

वहिनी गेल्यानंतरच्या दिवाळीत मी पालीहून थळला गेले, तेव्हा दादा ओटीवर फोन घेऊन बसलेला होता. स्लॉटचा गेम होता. बटण दाबलं की तीन चक्रं फिरायची आणि सारखी चित्रं आली की पैसे. सकाळपासून मोठं काही आलं नाही म्हणाला, म्हणजे आता येणारच.

मी शाळेत गणित शिकवते. त्याच्या शेजारी बसून मी समजावलं, की बटण दाबताक्षणीच निकाल ठरलेला असतो, चक्रं नंतर नुसती दाखवायला फिरतात. आधी किती वेळा हरलास हे त्या गेमला माहीत नसतं. तिसरं घंटेचं चित्र थोडक्यात हुकलं असं दिसतं, पण त्यात थोडक्यात असं काही नसतं. सगळ्यांनी लावलेल्या पैशांतला काही भाग कंपनी ठेवते आणि उरलेला कोणाकोणाला परत जातो. त्यामुळे जितकं जास्त खेळावं, तितकं एकंदरीत जाणारच.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग त्याने विचारलं, "पण मघाशी जिंकलो तेव्हा घंटा वाजली ती?"

मी मागचा डाव उघडून दाखवला. त्याने दहा लावले होते, चार परत आले होते.

"म्हणजे हरल्यावर पण वाजवतात," तो म्हणाला. बाकी कशापेक्षाही त्याला तेच लागलं.

आता तो गेम काढून टाकेल असं मला वाटलं होतं. त्याने काढला नाही. जेवताना आपणहून म्हणाला, "तू सांगितलंस ते कळलं मला. पण ती चक्रं फिरत असतात ना, तेवढा वेळ डोक्यात दुसरं काही येत नाही."

मी त्याला आमटी वाढली.

निघताना मी फक्त फोनचा आवाज बंद करून दिला आणि असाच खेळून बघ म्हटलं. शिमग्याला गेले तेव्हा गेम फोनवर नव्हता. विचारलं, तर म्हणाला, आवाज नसला की ती चित्रं नुसती वर-खाली होतात, बघवत नाही.

गेमचा तो वेळ आता कशात घालवतोस, हे मी विचारलं नाही. हल्ली मधल्या सुट्टीत मी त्याला फोन करते. बहुतेक वेळा पहिल्याच रिंगला तो उचलतो.