पाझरावर केलेलं प्लास्टर

आधी माफी मागतो. मी अजून इंजिनिअर झालेलो नाही. सिव्हिलच्या शेवटच्या वर्षाला आहे, आणि आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला मी पहिलाच. बांधाविषयी लिहायचा खरा हक्क साळवे सरांचा. सरकारी नोकरीत त्यांनी जन्मभर मातीचे बांध बांधले आणि दुरुस्त केले. आता निवृत्तीनंतर ते खासगी कामं घेतात, आणि मी दोन महिने त्यांच्याकडे इंटर्न होतो. मी त्यांना म्हटलं, सर, हे तुम्हीच लिहा. ते म्हणाले, "चप्पल तुझी रुतली होती. तूच लिही."

चप्पल रुतली ती कऱ्हाळेकाकांच्या तळ्यावर, शिरड शहापूरपासून थोडं आत. काकांच्या वडिलांनी स्वतःच्या शेतातल्या नाल्यावर मातीचा बांध घातला होता. दोन पुरुष उंच, फार मोठा नाही. इतकी वर्षं त्यावर काकांची हळद आणि ऊस निघाला. आता त्यांच्या सुनेनं, वर्षावहिनींनी, तिथं कृषी पर्यटन सुरू करायचं ठरवलं होतं. औंढ्याला दर्शनाला येणारी माणसं दुपारी इकडं वळतील, जेवतील, बोटीत बसतील, असा त्यांचा हिशेब. बोटी आल्या होत्या. दिवाळीच्या सुट्टीत दोन शाळांच्या सहली यायच्या ठरल्या होत्या. फक्त सेफ्टीचा रिपोर्ट पाहिजे होता, म्हणून आम्हाला बोलावलं.

काकांचे प्रश्न सगळे पाण्यातले. लाइफ जॅकेट किती घ्यायची? दोर कुठं बांधायचा? पोहायला परवानगी द्यायची का? सर एकेक सांगत होते, मी लिहून घेत होतो. मग जेवण झालं. ठेचा, भाकरी, वरण. वहिनींनी मला दोनदा वाढलं. जेवण झाल्यावर सर बांधाच्या माथ्यावर खुर्ची टाकून बसले. त्यांचे गुडघे दुखतात. मला म्हणाले, "बाहेरच्या उतारावरून चालून ये. जे दिसेल ते लिही."

बांधाचा आतला उतार पाण्याकडे असतो, बाहेरचा शेताकडे. बाहेरच्या उताराच्या तळाशी काकांनी उन्हाळ्यातच सुंदर पायऱ्या करून घेतल्या होत्या. पाहुण्यांनी बसावं म्हणून. गुळगुळीत प्लास्टर, वर निळा रंग. मी मनात म्हटलं, काय छान काम आहे. फोटोही काढला.

पायऱ्यांच्या वर कमरेइतक्या उंचीवर उतार आडवा चालताना माझी चप्पल रुतली. ओढून काढली तर पट्टाच तुटला. आठ दिवस पाऊस नव्हता, बाकी बांध कोरडा ठक्क होता. मी जरा थांबलो. मग तपासणीच्या फॉर्मवर लिहिलं, "किंचित ओलसर."

खरं सांगतो, याहून जड शब्द हाताला येईना. ज्यांची भाकरी आताच खाल्ली, त्यांच्या बांधाला नाव कसं ठेवायचं? आणि मी कोण सांगणारा?

सरांनी फॉर्म वाचला. चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"ओलसर म्हणजे काय? टॉवेल ओलसर असतो. किती लांब? किती खोल? कुठपासून कुठपर्यंत?"

"मोजलं नाही सर."

"मग तू चालला नाहीस, फिरायला गेला होतास. जा."

काठी घेऊन परत गेलो. ओला पट्टा चौदा पावलं लांब निघाला. काठी जोर न लावता वीतभर आत गेली. तिथलं गवतही शेजारच्या गवताहून हिरवं होतं, ते मला आधी दिसलंच नव्हतं. हे सगळं ऐकून सर उठले. माझ्या खांद्याला धरून स्वतः खाली उतरले. ओला पट्टा पाहिला. मग खालच्या पायऱ्यांवर हात फिरवला. त्या मात्र ठणठणीत कोरड्या.

"कऱ्हाळे, या पायऱ्यांच्या आत काय आहे?"

"दगड हायेत सर. आमच्या बापानं रचलेले. लई गळायचे. बारा महिने चिखल, मच्छर. पाहुणे घसरून पडतील म्हणून यूसुफ मिस्त्रीकडून सगळं बुजवून घेतलं. आता थेंब न्हाई बघा!"

"तेच तर," सर म्हणाले.

इथं दोन ओळी समजावून सांगाव्या लागतील. मातीचा प्रत्येक बांध थोडा पाझरतोच. म्हणून बाहेरच्या बाजूला तळाशी दगड रचलेले असतात. पाणी त्यातून निघून जातं, माती मागे राहते. ती वाट बुजवली तर पाणी थांबत नाही. ते बांधाच्या आत साचत वर चढतं. मग माती भिजून जड होते, पकड सोडते, आणि एक दिवस उतार घसरतो. माझी चप्पल जिथं रुतली, तिथवर पाणी चढलं होतं. आणि त्याच्या बरोबर खाली शाळेची पोरं डबे खायला बसणार होती.

"सर, एवढ्या वर्षांत बांधाला काही झालं न्हाई," काका म्हणाले.

"कारण एवढी वर्षं तो गळत होता."

"मग आता काय करायचं?"

"तळं निम्मं उतरवायचं. मग या पायऱ्या फोडायच्या."

काका एकदम पुढं आले. "दिवाळी दोन महिन्यांवर आली अन् पाणी सोडू? बोट काय गाळावर चालवू? परतीचा पाऊस न्हाई पडला तर?"

काका माझ्याकडं वळले. "तू सांग बापू. तू शिकून राहिला ना नवीन नवीन. एवढं भेव हाय का खरंच?"

मी सरांकडं पाहिलं, ते मुद्दाम दुसरीकडं बघत होते. मी म्हटलं, "काका, पुस्तकातलं मला सगळं सांगता येणार नाही. पण माझी लहान बहीण आठवीला आहे. तिला मी या पायरीवर बसू देणार नाही."

वर्षावहिनी मागं उभ्या होत्या. त्या सासऱ्यांना म्हणाल्या, "मामा, सोडा पाणी. सहल म्होरच्या साली बी येईल."

"अन् लोक हासतील त्याचं?"

"हासू द्या. बांध फुटल्यावर कोणी हासायला बी येत न्हाई."

दुसऱ्या दिवसापासून दोन पंप लावले. रोज हातभर पाणी, त्याहून जास्त नाही. एकदम उतरवलं तर आतला भिजलेला उतार पाण्याचा आधार सुटून घसरतो, हे मला तेव्हा कळलं. तोवर खाली कुणी फिरकू नये म्हणून दोरी बांधली.

पाणी निम्म्यावर आल्यावर यूसुफ मिस्त्री आले. त्यांना वाटत होतं त्यांच्या कामात खोट निघाली.

"साहेब, सिमेंट मी बराबर टाकलं होतं. उलट दोन बॅगा जास्तच."

"मिस्त्री, काम पक्कं झालं हाच वांधा आहे," सर म्हणाले. "कच्चं केलं असतं तर बांधाला एवढी तकलीफ झाली नसती."

मिस्त्री हसले, पण नीट नाही. स्वतःच्याच हातचं काम फोडायचं होतं. दोन दिवस ते आणि त्यांचा माणूस हातोडा चालवत होते. सरांनी एका वेळी चार-पाच हात लांबीचाच भाग मोकळा करायला लावला. मोकळं झालं की तिथं धुतलेली वाळू, त्यावर बारीक खडी, त्यावर मोठे दगड. वाळू मातीला धरते, खडी वाळूला, दगड खडीला. पाण्याला कुणीच धरत नाही.

पहिल्या टप्प्याला पाणी आलं ते गढूळ. मला काचेची बाटली दिली होती. भरायची, तासभर ठेवायची, तळाशी किती माती बसते ते बघायचं. गढूळ पाणी म्हणजे बांध आतून वाहून चाललाय. पहिल्या बाटलीत बोटाच्या पेरभर गाळ बसला. मिस्त्री माझ्या शेजारी उकिडवे बसून त्या बाटलीकडं बघत होते. संध्याकाळच्या बाटलीत नखाएवढा. तिसऱ्या दिवशी तळ स्वच्छ.

रिपोर्ट सरांनी माझ्याकडून लिहून घेतला. बसायच्या पायऱ्या बाजूच्या टेकाडावर, मुरमाच्या जमिनीत करायच्या. सांडव्यापासून, म्हणजे जास्तीचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथून, बोट लांब ठेवायची आणि मध्ये दोर बांधायचा. बांधाच्या खाली कुणी थांबायचं नाही. पाझराची बाटली आठवड्यातून एकदा भरून तारीख लिहून ठेवायची. ते काम वहिनींनी स्वतःकडं मागून घेतलं.

मग माझी इंटर्नशिप संपली आणि मी नांदेडला परत आलो. पण अभ्यासात लक्ष लागेना. दुरुस्ती बरोबर झाली की नाही, हे तळं काठोकाठ भरल्याशिवाय कळणार नव्हतं. आणि पाऊस येईना. काकांना फोन करायची हिंमत नव्हती. तळं रिकामं राहिलं तर ते माझ्या बोलण्यानं, असं सारखं वाटायचं. सरांना विचारलं तर म्हणायचे, "बांधाचा निकाल पाऊस लावतो. आपण थांबायचं."

मग तीन दिवस पाऊस झाला. तरी कुणाचा फोन नाही. या कामातून मी एवढंच शिकलो की गळती दिसली म्हणून लगेच बुजवू नये. ती पाणी नेते की माती, ते आधी बघावं. आणि फॉर्मवर "किंचित" हा शब्द लिहू नये.

फोन आला तो पाचव्या दिवशी, आणि आला यूसुफ मिस्त्रींचा. जुम्म्याची नमाज झाली की ते दर आठवड्याला तळ्यावर चक्कर मारत होते, हे मला तेव्हा समजलं.

"भाई, तळं भरलं. सांडव्यावरून पाणी चाललंय दोन दिवस. उतार सगळा पायानं दाबून पाहिला, कोरडा हाय. बाटली वहिनींनी माझ्यासमोर भरली. काचेसारखं पानी."

"आणि काका?"

"ते बोटीतून उतरून न्हाई राहिले. सहलीवाल्यांना या म्हणून सांगितलं." मग म्हणाले, "काल हट्ट्याहून एक जण आला होता. त्याचं बी शेतातलं तळं गळून राहिलं, बुजवून द्या म्हने."

"मग?"

"म्या म्हटलं, थापी घेऊन येतो. पन आधी साळवे साहेबाला आना."